मनवारीच्या तांदळाचा वाटा

काशा,

परवा तुझ्या घरून निघताना मी सवयीनं म्हणून गेलो, "बरं, राहिलेलं उद्या बोलू." अंगणात बसलेल्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. सुमनवहिनींनी मात्र मान वर न करता म्हटलं, "या उद्या. चहा ठेवीन." आपल्या भांडणाची तुझ्या बायकोला इतकी सवय झालेली, की त्यातला एक गडी गेला तरी दुसरा ठरल्या वेळी येणारच, हे त्यांनी धरूनच ठेवलं असावं.

मी गेलो. चहा प्यालो. तुझ्या खुर्चीवर कोणी बसलं नव्हतं, आणि मला बोलण्यासारखं काही सुचेना. मग घरी येऊन हे लिहायला बसलो. समोर तू नसताना भांडायचं म्हणजे मला कागदच हवा. तू म्हणायचास ना, "मास्तरला तोंड दिलंय ते खडू संपला तर असावं म्हणून."

तुझा जन्म कधीचा, नौदलात किती वर्षं काढलीस, पदकं किती, हे काही मी लिहिणार नाही. पदकं तर तू आईच्या सुयादोऱ्याच्या डब्यात टाकून ठेवली होतीस. कोणी विचारलं तर सांगायचास, "गुंडी तुटली तर असू देत हाताशी." पण हे जे वाचतील त्यांच्यासाठी एवढं सांगायला हवं, की तू आणि मी डहाणूच्या शाळेत एका बाकावर बसलो. मी रेल्वेतल्या कारकुनाचा मुलगा. तू खाडीकाठच्या मच्छीमार आळीतला, गोपाळ तांडेलांचा धाकटा. तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस. तुझ्या वडिलांचा, आबांचा, शब्द समुद्रावर चालायचा तसाच आळीतही चालायचा. तू नौदलात नाव घातलंस तेव्हा आबा म्हणाले होते, "घरच्या होडीला हात कमी पडतायत, आणि हा निघाला सरकारची होडी ओढायला." तरी तू पहिल्यांदा पांढऱ्या कपड्यात सुट्टीवर आलास, त्या दिवशी आबा तुला घेऊन बाजारातून तीनदा गेले. घ्यायचं तर काहीच नव्हतं.

आपलं पहिलं भांडण त्याच सुट्टीतलं. मी नुकताच मास्तर झालो होतो आणि मला देशाची फार काळजी होती. मी म्हटलं, "ज्या देशात खायला नाही, त्या देशाला तोफांच्या बोटी कशाला हव्यात?" तू चिडला नाहीस. हसत म्हणालास, "तोफ बोटीच्या एका टोकाला असते, मास्तर. बाकीच्या बोटीत काय असतं ते बघायला ये कधी."

मला यावं लागलं नाही. बोटच आमच्याकडे आली.

त्या वर्षी पावसाळा उतरणीला लागलेला असताना वादळ आलं. समुद्र सुरूच्या बनातून आत शिरला. चिकूच्या वाड्यांत झाडं मुळासकट आडवी झाली. दक्षिणेकडे आणि उत्तरेकडे रेल्वेचा भराव वाहून गेला, तळासरीकडून येणारा रस्ता ठिकठिकाणी तुटला, तारा पडल्या. डहाणू एकदम बेटासारखं झालं. आळीतल्या बहुतेक होड्या एकमेकींवर आपटून फुटल्या. आबांना मात्र आदल्या दिवशी वाऱ्याचा काय वास आला कोण जाणे. त्यांनी आपल्या दोन्ही होड्या खाडीत खूप आतवर नेऊन बांधल्या होत्या, त्या वाचल्या. सगळ्यांत वाईट म्हणजे विहिरी खारट झाल्या. चारही बाजूंना पाणी आणि प्यायला घोट नाही. आत कैनाड-गंजाडकडे तर कुडाची घरं भुईसपाट झाली होती. कणग्यांतलं भात भिजून त्याला मोड आले होते.

आणि मग एका सकाळी पाणी जरा निवळल्यावर दूर क्षितिजाशी राखाडी रंगाचं काहीतरी उभं दिसलं. किनाऱ्यावर ही गर्दी जमली.

"काय ग, बेट वाहून आलं का?" एक म्हातारी म्हणाली.

"बेट नाय आजी, मनवार!" आपल्याकडे लढाऊ बोटीला हाच शब्द.

"मनवार? म्हणजे लढाई लागली?"

"कोणाशी लढणार? आपल्याशी? आपल्याकडं राहिलंय काय घ्यायला!"

पुष्कळ दिवसांनी त्या दिवशी माणसं हसलेली मी पाहिली.

त्या बोटीवर तू आहेस हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं. झेंड्यांनी आणि दिव्यानं निरोप देणं हे तुझं काम. नंतर तू सांगितलंस, की मुंबईहून निघताना कप्तानानं नकाशावर डहाणू दाखवलं आणि विचारलं, इथला कोणी आहे का? तू हात वर केलास. "शाळेत कधी वर केला नव्हता तो हात," असंही वर म्हणालास.

आपला समुद्र उथळ. मोठी बोट काठाजवळ येऊच शकत नाही. तांदळाची पोती काठावर आणायची तर लहान होड्याच हव्यात. आबांनी आपल्या दोन होड्या आणि आळीतल्या आणखी दोनचार धड राहिलेल्या होड्या काढल्या. त्यांना कोणी सांगावं लागलं नाही. लाटा अजून मोठ्या होत्या. मनवारीच्या पोलादी अंगाशी लाकडी होडी भिडवायची, वरून दोरानं सोडलेलं पोतं झेलायचं आणि फुटू न देता परत आणायचं, हे त्या दिवशी आबांनी केलं तसं कोणी केलं नसतं. हे मी तुला प्रत्येक भांडणात ऐकवलं आणि प्रत्येक वेळी तू म्हणालास, "ते मी कधी नाही म्हटलंय?"

मामलेदार तुटलेल्या रस्त्यापलीकडे अडकले होते. कचेरीतल्या कारकुनांनी शाळेच्या ओसरीवर धान्य ठेवायचं ठरवलं आणि मला म्हटलं, "मास्तर, वाटपाचं तुम्ही बघा." पहिल्या खेपेची पोती काठावर उतरली. आबा ओल्या अंगानं माझ्यासमोर उभे राहिले. विचारलं, "मास्तर, वाटे करू?"

मी म्हटलं, "करा की. तुमच्या रितीनं करा."

एवढंच. ते वाक्य म्हणताना मला स्वतःचा अभिमान वाटला होता काशा, हे तुला मी कधी सांगितलं नाही. मला वाटलं, शिकलेला माणूस असून मी या लोकांवर माझं शहाणपण लादत नाही, त्यांच्या चालीला मान देतो. ती चाल मला माहीत होती. मासळी आली की तिचे वाटे पडतात. एक वाटा होडीचा, एक जाळ्यांचा, एक तांडेलाचा, मग होडीवर गेलेल्या प्रत्येक गड्याचा. ज्याची होडी नाही, ज्याच्या घरातला माणूस होडीवर गेला नाही, त्याचा वाटा नाही. त्याला मालक आपल्या मर्जीनं मूठभर देतो. या रितीत वाईट काही नाही. होडीच्या वाट्यातूनच होडी डागडुजी होऊन पुढच्या वर्षी पाण्यात जाते. तांदूळ समुद्रातून आला, होडीनं आणला. मग आबांच्या हातांनी तो मासळीसारखाच वाटला, यात त्यांचं काय चुकलं? ते दुसरं करणार तरी काय होते? त्यांनी जन्मभर समुद्रातून आलेलं असंच वाटलं होतं.

आणि म्हणून आबांच्या दारात तांदळाचा मोठा ढीग झाला. होडीवाल्या आणखी तीन घरांत ढीग झाले. जानकीकाकी, जिचा नवरा त्या वादळातच गेला होता, तिच्या पदरात ओंजळभर पडला. सुरूच्या झाडांखाली कैनाड-गंजाडकडून चालत आलेली वारली माणसं उभी होती. बायका, कडेवर पोरं. त्यांनी काही मागितलं नाही. तांदूळ होडीवाल्यांचा दिसतोय, असं समजून ती नुसती बघत उभी होती. मी त्यांना पाहिलं. मग पुढच्या खेपेच्या पोत्यांना जागा करायचं निमित्त काढून शाळेच्या ओसरीवर गेलो.

दुपारी दुसऱ्या खेपेबरोबर तू उतरलास. सोबत एक तरुण साहेब होता, दक्षिणेकडचा. तुझी आई धावत आली. "बघ रे, तुझ्या बोटीनं घर भरलं!" तिचा चेहरा मला अजून दिसतो. तू ढीग पाहिलास. मग शेजारच्या जानकीकाकीचं दार पाहिलंस. मग सुरूच्या झाडांकडे बराच वेळ पाहत राहिलास.

"आबा," तू विचारलंस, "हे असं कसं वाटलं?"

"कसं म्हणजे? जसं वाटतात तसं."

"त्या झाडाखालच्यांना?"

"ते कुठं आले होडीवर?"

"ते होडी कुठून आणणार? डोंगरावरून?"

लोक जमा झाले. आबांना तांडेल म्हणून बोलायची सवय, मुलाशी चारचौघांत वाद घालायची नव्हती. ते आवाज न चढवता म्हणाले, "काशा, तुझ्या बोटीवर तुझी रीत. इथं आमची."

तू तेव्हा जे विचारलंस ते मी आजवर वर्गात कितीदा तरी मुलांना सांगितलंय, तुझं नाव न घेता. तू म्हणालास, "आबा, खोल पाण्यात असताना पिण्याचं पाणी संपत आलं, तर मालकाला दोन तांबे आणि गड्याला एक, असं देता का?"

"पाण्याची गोष्ट काढू नको. पाण्याला वाटा नसतो. तहान सगळ्यांना सारखी."

"मग भूक?"

आबांनी झाडांकडे पाहिलं. मला वाटलं, झालं, मानलं त्यांनी. पण ते बोलले ते वेगळंच. "तांदूळ आणायला होडी कोणाची गेली?"

"तुमची."

"मग होडीचा वाटा होडीचा."

मी तिथंच उभा होतो. पुढं होऊन एवढंच म्हणायचं होतं, की आबांना मीच हो म्हटलंय, चूक माझी आहे, परत वाटू. एका वाक्यात बाप-लेकांतला तो पेच सुटला असता. मी ते वाक्य मनात तयारही केलं. पण तोवर तू साहेबाकडे वळला होतास.

"साब, गाँव की होडी अब नहीं लेंगे. अपनी बोट से ही सब उतारेंगे."

साहेबानं समुद्राकडे बोट दाखवलं. "पानी उतर रहा है. हमारी बोट किनारे तक नहीं आएगी."

"नहीं आएगी, साब. हम उतरेंगे."

होडी गेली नाही तर होडीचा वाटा निघणार कुठून? इतकं साधं. पण ओहोटीला आपला किनारा किती लांबवर उघडा पडतो आणि तो चिखल माणसाला कसा धरून ठेवतो, हे साहेबाला माहीत नसलं तरी तुला माहीत होतं. मनवारीवरून सोडलेल्या तुमच्या लहान बोटी लांब चिखलात रुतल्या. तुम्ही सगळे उतरलात. कोणी पंजाबी, कोणी मलबारी, कोणी बंगाली. ज्यांनी आयुष्यात आपल्याकडचा गाळ पाहिला नव्हता अशी माणसं, खांद्यावर पोतं, मांडीपर्यंत चिखलात. एक पाऊल उपसायचं, दुसरं रुतायचं. एक धिप्पाड शीख पडला तो पोत्यासकट, पण त्यानं पोतं वर धरलं, स्वतः चिखलात गेला. आळीतली पोरं हसली. "भात लावतायत काय रे हे!" पण दोनचार खेपा झाल्या तसं हसणं थांबलं. गावच्या होड्या दोरीला बांधलेल्या आणि परमुलखातली माणसं आपलं अन्न खांद्यावरून आणतायत. आबा होडीकडे तोंड करून उभे होते, पाठ आमच्याकडे.

लढाऊ बोटीवरच्या माणसांबद्दल माझ्या मनात जे काही होतं, ते त्या चिखलात गेलं. तोफ म्हणे! मला त्या दिवशी कोणाच्या हातात पोत्याशिवाय काही दिसलं नाही.

आणि मग तुझी आई उठली. घरात गेली, मासळीची पाटी घेऊन बाहेर आली, कासोटा घट्ट केला आणि सरळ चिखलात उतरली. तू ओरडलास, "आय, तू कशाला?"

ती चालता चालता म्हणाली, आबांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, "बाईच्या पाटीला कधी वाटा दिलाय का कोणी? जन्मभर मासळी वाहिली, बाजारात विकली, वाटा शून्य. मग मी वाहिलं तर कोणाचा वाटा निघणार?"

कोणीतरी बाई हसली. मग जानकीकाकी उठली. मग एकेक करून आळीतल्या सगळ्या बायका उठल्या. त्यांना चिखलात कुठं पाय टाकायचा ते ठाऊक होतं. त्या सरळ रेषेत जात नव्हत्या, टणक जागा धरून वळणं घेत जात होत्या. खलाशी त्यांच्या पाठोपाठ चालायला शिकले. संध्याकाळपर्यंत शाळेची ओसरी भरली. तुझ्या आईनं पहिल्यांदा काय केलं असेल, तर आपल्या दारातला ढीग पाटीत भरून आणला आणि सगळ्यांच्या पोत्यांत ओतला. तिच्यामागून दोन होडीवाल्या घरांतून तांदूळ परत आला. एका घरातून आला नाही, तेही खरं.

वाटप मग बायकांनीच केलं. रोज चुलीवर आधण ठेवताना ज्या मापट्यानं मोजतात, त्याच मापट्यानं. प्रत्येकाला एकच प्रश्न, "घरात तोंडं किती?" वारली माणसं तरीही पुढं येईनात, तेव्हा तुझ्या आईनं त्यांच्या बोलीत हाका मारल्या. बाजारात मासळी विकता विकता तिनं ती बोली उचलली होती. कैनाडचा एक म्हातारा धोतराचा सोगा पसरून पुढं आला, आणि तांदूळ पडत असताना वर तिच्या तोंडाकडे बघत राहिला, कधी थांबायला सांगतेय याची वाट बघत. तिनं थांबवलं नाही. नातवंडांसकट त्याच्या घरात पुष्कळ तोंडं होती.

मनवार मग चार-सहा दिवस राहिली. बोटीवर समुद्राच्या पाण्याचं गोडं पाणी करतात, हे आम्हाला तेव्हा कळलं. पिंपंच्या पिंपं यायची. पाण्याला वाटा नव्हताच, त्यामुळे त्यावर भांडण झालं नाही. बोटीवरच्या सुतारानं शाळेचं छप्पर नीट केलं. डॉक्टरनं चिंचणीची एक अडलेली बाई बोटीवर नेऊन सोडवली. बाळ बोटीवर जन्मलं म्हणून खलाशांनी आपल्या हिश्शाची साखर गोळा करून साऱ्या गावाला दिली. तू तीन भाषांत बोलत सगळीकडे पळत होतास. शेठ लोकांशी गुजराती, झाडाखालच्यांशी वारली, साहेबाशी हिंदी. माझ्याशी मराठी बोलायला तुला वेळ मिळाला नाही, आणि मी त्याबद्दल मनातून देवाचे आभार मानले.

आबांनी तुला घरात घेतलं. जेवायला वाढलं. पण तुझ्याशी बोलले नाहीत. त्या दिवसानंतर बोललेच नाहीत. पुढं तू सुट्टीवर आलास की ते आईला सांगायचे, "त्याला विचार, मासा अजून हवा का." आई समोर बसलेल्या तुला विचारायची. तू आईला सांगायचास. आई त्यांना सांगायची. तिघंही एका पंगतीत! तू हे मला सांगताना नक्कल करून हसवायचास. आई गेल्यावर मात्र तेही उरलं नाही. नारळी पौर्णिमेला आबांच्या होडीवर घरातले सगळे चढायचे, तू काठावर उभा राहायचास. मी तुझ्याशेजारी असायचो. त्या वेळी तू नक्कल करत नव्हतास.

आपलं हे भांडण तेव्हापासूनचं. मला वाटायचं, तू होतास म्हणून अन्न तोंडापर्यंत गेलं. मी तसं म्हणालो की तू म्हणायचास, "पण आबांना चारचौघांत हरवायला नको होतं. बाजूला घेऊन बोललो असतो तर ऐकलं असतं त्यांनी."

"बाजूला घेऊन बोलेपर्यंत झाडाखालची माणसं परत कैनाडला गेली असती."

"गेली असती तर मी मागून गेलो असतो."

"आणि बोट थांबली असती?"

"तू नेहमी बोट मध्ये आणतोस."

असं चालायचं. गंमत म्हणजे सुरुवातीला रितीच्या बाजूनं मीच होतो, आणि शेवटी शेवटी तूच आबांची बाजू घेऊन माझ्याशी भांडायला लागला होतास. एकदाच मी धीर करून म्हटलं, "काशा, पहिल्या दिवशी आबांना हो मीच म्हणालो होतो." तू माझ्याकडे पाहून इतका हसलास की खोकला लागला. "ते मला त्याच दिवशी कळलं. मास्तर, तू पोरांना नापास करतोस, मोठ्यांना कधीच करत नाहीस." नंतर मात्र गंभीर होऊन म्हणालास, "तू आबांना नाही म्हटलं असतंस, तर ते तुझ्यावर चार दिवस रागावले असते आणि विसरले असते." ते खरं होतं. माझ्या वाट्याचे चार दिवस तू दहा-बारा वर्षं भरलेस.

तरी त्याचा कडवटपणा तुझ्या कामात आला नाही, याचंच मला नवल वाटत आलंय. त्यानंतर तुझ्या बोटी कुठं कुठं गेल्या. पूर्व किनाऱ्यावर वादळ झालं तिथं, पुरात बुडालेल्या गावांत, एकदा भूकंप झालेल्या परक्या मुलखातल्या बंदरातही. प्रत्येक ठिकाणी तुला खाली उतरवायचे, भाषा येवो न येवो. तू काय करायचास? उतरलास की गावातला मुख्य कोण ते विचारायच्या आधी चूल कुठं पेटलीय ते शोधायचास आणि तिथल्या बाईपासून सुरुवात करायचास. मुख्याकडे मात्र स्वतः जायचास, एकटा, बाजूला नेऊन बोलायचास. माझ्याशी वाद घालताना जे म्हणायचास ते सगळं तू तिथं करून दाखवत होतास, आणि मला ते कळायला इतकी वर्षं लागली.

तुझ्या शेवटच्या आजारपणात मी रोज यायचो, पण हे बोललो नाही. तुला दम लागायचा, म्हणून भांडण नको असं मी ठरवलं होतं. चूक केली. भांडण केलं असतं तर तुला बरं वाटलं असतं. तुझी चूक नव्हती काशा, हे एकदा तरी तुला न हसता ऐकवायचं होतं.

हे अर्धं लिहून झालं होतं, तेव्हा काल आबा माझ्याकडे आले. काठी टेकत, एकटे. तुझ्या वेळेला ते स्मशानात लांब उभे होते, तेव्हापासून त्यांना मी पाहिलं नव्हतं. ओटीवर बसले. पाणी दिलं. मग मी सगळं सांगायला लागलो, पहिल्या दिवशीचा तो होकार, ती न बोललेली गोष्ट, काशाचं काही चुकलं नव्हतं आबा, चूक माझी होती. मला बहुधा त्यांनी माझ्यावर रागवायला हवं होतं.

त्यांनी हात वर करून थांबवलं. "मला काय ठाऊक नाय? मी तुलाच तर विचारलं होतं."

"मग माझ्यावर का नाही रागावलात?"

"तू परका. परक्यावर कोण एवढा रागावतो? तो माझा होता."

भांड्यातलं उरलेलं पाणी त्यांनी संपवलं. मग म्हणाले, "मास्तर, तो त्या मनवारीवर करायचा काय, ते मी कधी विचारलंच नाय. तुला सांगितलं असेल."

मी सांगितलं. झेंडे, दिवा, दुसऱ्या बोटीला दिलेले निरोप. मग गावं सांगितली, जेवढी मला आठवत होती तेवढी. पूर येऊन गेल्यावर छपरांवर बसलेली माणसं, तुमच्या बोटीच्या भटारखान्यात भाजलेले पाव, सगळं. आबा मध्येच "हां" म्हणायचे, होडीवर कोणी खोली मोजून सांगावी आणि तांडेलानं ऐकून घ्यावं तसं.

"तिकडंही तांदूळच नेला?"

"तांदूळ, पीठ, औषधं, जे हवं ते."

"आणि वाटा कसा केला?"

"तोंडागणिक, आबा. सगळीकडे तोंडागणिकच."

त्यांनी काठी दोन्ही हातांत घट्ट धरली.

"बरं केलं पोरानं."

तुझ्या वतीनं हे ऐकून घ्यायला माझ्याशिवाय तिथं कोणी नव्हतं. मी ऐकून घेतलं, काशा.